आठाने गुणा

गेली तीन वर्षं मी रस्त्यावर पळतोय. म्हणजे पाषाण-बाणेरचे रस्ते, हिवाळ्यात एखाददुसरी हाफ मॅरेथॉन, आणि उरलेल्या वेळात घड्याळातले आकडे एक्सेलमधे भरून त्यांचे ग्राफ काढणे. (आमच्या धंद्यातल्या माणसाला पळण्यापेक्षा ग्राफ जास्त आवडतो, हे उघड गुपित आहे.) येत्या डिसेंबरात पहिल्यांदाच डोंगरातली शर्यत पळायचं ठरवलंय. अंतर २५ किलोमीटर, एकूण चढ १२०० मीटर, वेळेची मर्यादा सहा तास.

नाव नोंदवल्यावर रोडवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की वेळ किती लागेल? रस्त्यावर याचं उत्तर सोपं असतं. माझी हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांची आहे, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांच्या जरा आत. २५ ला गुणलं की झालं. पण डोंगरातला किलोमीटर म्हणजे नक्की काय भानगड असते? एका किलोमीटरला सात मिनिटंही लागतात आणि पुढच्याच किलोमीटरला पंचवीस. तर या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी थेट १८९२ सालच्या स्कॉटलंडमधे जाऊन पोचलो, आणि मग दोन विकेंड तिथेच रमलो. आजचा लेख त्याबद्दल.

विल्यम नेस्मिथ नावाचा एक स्कॉटिश गिर्यारोहक होता. (बास्केटबॉल शोधून काढणारा नेस्मिथ वेगळा, तो जेम्स. गंमत म्हणजे काळ दोघांचाही तोच.) १८९२ साली एका दिवसात काही डोंगर चढून आल्यावर त्याने स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात एक छोटीशी नोंद लिहिली, आणि जाता जाता एक हिशोब सांगितला: नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरा, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. बस्स, एवढंच. आलेख नाही, प्रयोग नाही. पण गेली सव्वाशेहून जास्त वर्षं जगभरचे गिर्यारोहक आणि त्यांना शोधायला जाणारी बचावपथकं हा नियम वापरत आलीयत.

आता इंजिनियरच्या नजरेने त्याच्याकडे बघा. दोन हजार फूट चढायला जेवढा वेळ, तेवढ्यातच तीन मैल सपाट चालणं होतं. तीन मैल म्हणजे १५,८४० फूट. भागा दोन हजारांनी. उत्तर येतं ७.९२. म्हणजे एक मीटर चढ बरोबर साधारण आठ मीटर सपाट! नेस्मिथने हा आकडा असा काढला नव्हता, पण तो त्याच्या नियमात दडलेला आहे. पुढे एकविसाव्या शतकात फिलिप स्कार्फ या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने डोंगरी शर्यतींच्या विक्रमी वेळा घेऊन हा आकडा तपासला, तर चालणाऱ्यांसाठी केलेला हा ढोबळ हिशोब पळणाऱ्यांनाही बऱ्यापैकी लागू पडतो असं दिसलं.

मी लगेच सिंहगडावर लावून बघितला. आतकरवाडीची पायवाट साधारण २.७ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. नेस्मिथच्या नियमाने दीड तास येतो, आणि रविवारी सकाळी सहकुटुंब चढणाऱ्या कुठल्याही पुणेकराला विचारा, तो तेवढाच वेळ सांगेल. आठाने गुणलं तर सहाशे मीटरचे होतात ४.८ किलोमीटर, म्हणजे एकूण साडेसात किलोमीटर सपाट. मला वर पोचायला पन्नास मिनिटांच्या आसपास लागतात. जुळतंय की!

पण डोंगरावर पळण्याची शर्यत लावायची हे सुचलं कुणाला? स्कॉटलंडमधे एक दंतकथा सांगतात. अकराव्या शतकात तिथल्या माल्कम राजाला वेगवान निरोप्ये हवे होते, म्हणून त्याने ब्रेमारजवळच्या एका टेकडीवर शर्यत लावली. खरंखोटं देव जाणे, पण कारण पटण्यासारखं आहे. डोंगराळ मुलखात पळणारा माणूस म्हणजे मुळात निरोप पोचवणारा माणूस. आपल्याकडेही हरकारे होतेच. आणि सह्याद्रीत पळायचा विषय निघाला की कुणीतरी मावळ्यांचं नाव काढतंच, ते रास्तही आहे. जुलै १६६० मधे भर पावसात, रात्रीच्या अंधारात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेलेल्या लोकांपुढे आमच्या मेडलची काय कथा? फक्त त्यांच्या मुक्कामांच्या वेळा कुणी घड्याळ लावून लिहून ठेवल्या नाहीत. त्यांना दुसरी कामं होती. घड्याळ लावून डोंगर पळण्याची नोंद ठेवायची हौस ब्रिटनमधल्या लोकांना लागली, त्यामुळे आकड्यांचा इतिहास शोधायचा तर तिकडेच जावं लागतं.

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधे ग्रासमियर नावाचं गाव आहे. तिथल्या जत्रेसारख्या क्रीडामेळ्यात १८६८ पासून ‘गाइड्स रेस’ होते. गाइड म्हणजे पर्यटकांना डोंगर दाखवणारे स्थानिक वाटाडे. समोरच्या डोंगराच्या डोक्यावरचं निशाण गाठायचं आणि जीव मुठीत धरून खाली यायचं. जिंकणाऱ्याला रोख पैसे. या पैशांमुळे पुढे शंभरेक वर्षं घोळ झाला, कारण पैसे घेतलेला माणूस ‘व्यावसायिक’ ठरायचा आणि त्याला हौशी शर्यतींची दारं बंद व्हायची. एकाच डोंगरावर पळणारे दोन गट, आणि एकमेकांशी शर्यत करायची बंदी! साहेबाची शिस्त.

त्यानंतरचा टप्पा बेन नेव्हिसचा. ब्रिटनमधला हा सर्वात उंच डोंगर, १३४५ मीटर. म्हणजे उंचीने आपल्या सिंहगडाएवढाच, पण हा जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो. याच्या माथ्यावर १८८३ मधे हवामानाची वेधशाळा उघडली, आणि तिथे सामान न्यायला घोड्यांची वाट बांधली. वाट झाली की पळणारे आलेच. सप्टेंबर १८९५ मधे फोर्ट विल्यम गावातला विल्यम स्वान नावाचा न्हावी पोस्ट ऑफिसपासून निघाला, वेधशाळेला शिवून परत आला. वेळ २ तास ४१ मिनिटं. बेन नेव्हिसवरची ही पहिली नोंदलेली वेळ. आज या शर्यतीचं अंतर १४ किलोमीटर आहे आणि पुरुषांचा विक्रम केनी स्टुअर्ट या लेक डिस्ट्रिक्टच्या धावपटूने १९८४ मधे केलेला, १ तास २५ मिनिटं ३४ सेकंद.

या केनी स्टुअर्टपाशी मी बराच वेळ थांबलो. कारण त्याने उलटा प्रवास केला. आधी पैशांच्या डोंगरी शर्यती, मग हौशी, आणि नंतर तो रस्त्यावर उतरला आणि मॅरेथॉन पळाला २ तास ११ मिनिटं ३६ सेकंदांत. म्हणजे आपल्या सूत्राला आयता टेस्ट केस! बेन नेव्हिस: १४ किलोमीटर अधिक १३४० मीटर गुणिले आठ, म्हणजे जवळपास २५ किलोमीटर सपाट. त्याचा वेग पडतो किलोमीटरला साधारण साडेतीन मिनिटं. मॅरेथॉनमधला त्याचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ७ सेकंद. एका व्हिक्टोरियन गिर्यारोहकाने सहज लिहिलेल्या ओळीसाठी हे फारच चांगलं आहे. पण वीसेक सेकंदांची तफावत उरतेच. ती कुठे जाते?

तिचा बराचसा हिस्सा उतारात आणि पायाखालच्या जमिनीत जात असावा असं मला वाटतं. नेस्मिथच्या नियमात उताराला जागाच नाही. चढाचा दंड आहे, उताराचं काही नाही. २००२ मधे अल्बर्टो मिनेत्ती आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा कसलेल्या डोंगर-धावपटूंना ट्रेडमिलवर उतार-चढ देऊन किती ऊर्जा लागते ते मोजलं. सपाटीवर पळताना एक किलो वजन एक मीटर न्यायला ३.४ ज्यूल लागतात. शंभर मीटरला वीस मीटर अशा उतारावर हा खर्च निम्म्यावर येतो, १.७ च्या आसपास. फुकटचा माल वाटतो ना? पण उतार आणखी तीव्र झाला की खर्च परत वाढायला लागतो, आणि शंभरात पंचेचाळीस उतरणाऱ्या उतारावर तो सपाटीपेक्षाही जास्त होतो, कारण आता सगळी ताकद ब्रेक मारण्यात जाते. आणि हे गुळगुळीत ट्रेडमिलवर. तिथे घसारा नाही, सुटे दगड नाहीत, कारवीची खोडं नाहीत.

याच प्रयोगातला दुसरा आकडा रोडवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे. शंभरात पंचेचाळीस अशा खड्या चढावर पळायला १८.९ ज्यूल लागतात आणि चालायला १७.३. चालणं स्वस्त! रस्त्यावरच्या शर्यतीत चालणं म्हणजे नामुष्की, फोटोग्राफर दिसला की आपण पुन्हा पळायला लागतो. डोंगरात भले भले धावपटू हात गुडघ्यांवर टेकून चालतात. माझ्या प्रॅक्टिसमधे त्यामुळे आता आठवड्यातून एकदा नुसतं भराभर चढ चालणं आहे, घड्याळाकडे न बघता. सुरुवातीला फार अपमानास्पद वाटतं, दोनेक आठवड्यांनी सवय होते.

उताराचं मात्र आकड्यांनी भागत नाही. सिंहगडावर दही विकून दुपारी खाली उतरणाऱ्या एका मावशींच्या मागे मी एकदा सबंध उतार चाललो. पायात साधी चप्पल, डोक्यावर रिकामी मडकी रचलेली पाटी. माझे बूट सात हजारांचे. मावशी पळत नव्हत्या, पण पावलं इतकी लहान आणि भरभर पडत होती की मला अंतर राखायला पळावं लागत होतं. एका वळणावर थांबून म्हणाल्या, “दादा, लांब ढांग टाकू नका, गुडघं जातील. अन् पायाकडं बघू नका, म्होरं बघा.” नंतर वाचलं तर डोंगरी पळण्याच्या पुस्तकांत हेच दोन सल्ले पानंच्या पानं भरून दिलेले असतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्याने त्यात बारीक बारीक इजा होते आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. पण एकदा असं झालं की तोच स्नायू पुढचे काही आठवडे त्या माराला बराच तयार राहतो. म्हणून शर्यतीआधी उतार पळून पाय दुखवून घ्यायचे, ते तीनेक आठवडे आधी.

आता या इतिहासातला माझा सर्वात आवडता माणूस, बॉब ग्रॅहम. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिक गावात तो गेस्ट हाउस चालवायचा. वय चाळिशी ओलांडलेलं. जून १९३२ मधे तो गावच्या मूट हॉलपासून मध्यरात्रीनंतर निघाला, बेचाळीस शिखरं केली आणि २३ तास ३९ मिनिटांनी परत आला. टेनिसचे बूट, ढगळ अर्धी विजार, वर पायजम्याचा सदरा. खायला पाव-लोणी, कमी उकडलेलं अंडं, फळं आणि गोळ्या. आज या फेरीचं अंतर साधारण १०६ किलोमीटर आणि चढ ८२०० मीटर धरतात. नेस्मिथला विचाराल तर तो साडेपस्तीस तास सांगेल!

ग्रॅहमचे आधीचे विक्रम काही नाहीत, नंतरचेही नाहीत. त्याची तयारी मात्र बघण्यासारखी होती. त्याला ते डोंगर अंगणासारखे माहीत होते. सगळ्या शिखरांवर तो आधी फिरून आला होता; बुटांची झीज वाचवायला अनवाणी फिरला अशी गोष्ट सांगतात, आणि ती खरी असेल तर मावशींच्या चपलेच्याही एक पाऊल पुढे. शिवाय प्रत्येक टप्प्यात वाट माहीत असलेले मित्र सोबतीला होते. त्यानंतर २८ वर्षं कुणालाच ते जमलं नाही. १९६० मधे अ‍ॅलन हीटनने २२ तास १८ मिनिटांत फेरी पूर्ण केली, आणि मग रांगच लागली. १९८२ मधे बिली ब्लँड या स्थानिक गवंड्याने ती १३ तास ५३ मिनिटांत केली, आणि हा विक्रम ३६ वर्षं टिकला. २०१८ मधे तो मोडला जगज्जेत्या किलियन जॉर्नेने, १२ तास ५२ मिनिटांत. आणि त्याच्याही सोबतीला वाटा माहीत असलेले तिथलेच धावपटू होते. जगात सगळीकडे जिंकून आलेला माणूस, पण ग्रॅहमची पद्धत त्यालाही चुकली नाही.

तिथलाच जॉस नेलर, धंद्याने मेंढपाळ. लहानपणापासून पाठीचं दुखणं, ऑपरेशनं झालेली. १९६० साली शर्यत त्याच्याच खोऱ्यात आली म्हणून कामाचे बूट घालून धावला. १९७५ मधे त्याने चोवीस तासांच्या आत ७२ शिखरं केली. सत्तरी गाठली तेव्हा सत्तर शिखरं. २०२४ मधे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. त्याचं ‘ट्रेनिंग’ काय होतं? मेंढरांच्या मागे रोज डोंगर. ऑफिसात नऊ तास खुर्चीवर बसणाऱ्याला हे वाचून जरा चिडचिड होते, ते असो.

म्हणजे मग आपण रोडवाले बादच का? तर तसंही नाही. यॉर्कशरमधे १९५४ पासून ‘थ्री पीक्स’ नावाची शर्यत होते, तीन डोंगर एका फेरीत. पहिल्या वर्षी सहा जण निघाले आणि तिघेच पोचले. ही शर्यत १९७० ते ७५ अशी सलग सहा वर्षं जेफ नॉर्मनने जिंकली, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधे तो ब्रिटनकडून मॅरेथॉन पळाला. दोन डोंगरांमधे पळण्याजोगी बरीच जमीन असेल तर रस्त्यावर कमावलेला दम तिथे पुरेपूर वसूल होतो. माझ्या शर्यतीतही मधे पठार आहे, सात-आठ किलोमीटरचं. माझी मदार त्याच्यावर.

शेवटची गोष्ट सांगायला नको वाटते, पण तयारीचा विषय काढलाय तर टाळता येणार नाही. २२ मे २०२१ ला चीनच्या कान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण निघाले. दुपारी उंचावरच्या टप्प्यात अचानक वादळी वारा, पाऊस आणि गारा. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टात होते. वाराप्रतिबंधक जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतंच. २१ जण गारठून गेले, त्यांत देशातले अव्वल धावपटूही होते. तिथल्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवलं. बेन नेव्हिसच्या शर्यतीतही १९५७ मधे एक जण थंडीने गेला होता. ब्रिटनमधल्या डोंगरी शर्यतींत अंग झाकणारे जलरोधक कपडे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि थोडं खाणं जवळ बाळगायला लावतात, आणि पिशवी उघडून तपासतात. रस्त्यावर दर दोन किलोमीटरला पाण्याचं टेबल आणि टाळ्या वाजवणारे लोक असतात, त्यामुळे आपल्याला सामान न्यायची सवयच नसते. वजन वाढतं म्हणून लोक शिट्टीसुद्धा काढून ठेवतात. शिट्टी!

आपल्याकडे बर्फाची थंडी नाही, पण डिसेंबरातही अकरानंतर कातळ तापतो आणि पावसाळ्यानंतर धारेवरचे झरे आटत जातात. म्हणून माझ्या पिशवीत दीड लिटर पाणी, मिठाचं सरबत, पातळ जाकीट, हेडलँप, क्रेप बँडेज आणि शिट्टी. वजन करून पाहिलं, अडीच किलोच्या आत बसतं. गेले दोन रविवार ती पाठीवर घेऊनच पळतोय, कारण भरलेली पिशवी आणि रिकामी पाठ यांचा वेग वेगळा पडतो.

आता माझा हिशोब. २५ किलोमीटर अधिक १२०० मीटर गुणिले आठ, म्हणजे ९.६, एकूण ३४.६ किलोमीटर. एवढ्या लांबीला रस्त्यावर मी किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद धरले असते, त्याने ३ तास ४० मिनिटं. घसारा, उतार, पिशवी आणि वाट चुकणं यांचा मिळून तास धरला तर पावणेपाच तासांच्या आत. सहा तासांच्या मर्यादेत बसतं. (नेस्मिथ स्वतः त्याच्या नियमाने चालत आला असता तर सात तास दहा मिनिटं लागून तो बाद झाला असता.) एक्सेलमधे हा आकडा हिरव्या रंगात ठेवलाय, पण त्या ‘एका तासा’ला कुठलंही सूत्र नाही, तो मी अंदाजाने टाकलाय. रूटवर दुसऱ्या खिंडीनंतर दोन ढोरवाटा फुटतात आणि पुरुषभर गवतात खरी वाट दिसत नाही असं तिथे जाऊन आलेला मित्र सांगतो. शर्यतीच्या दिवशी खुणेच्या फिती असतील, तरी पुढच्या रविवारी तो पहिला दहा किलोमीटरचा टप्पा दिवसाउजेडी, निवांत, चालत करून यायचा बेत आहे. बूट घालूनच. तिघे जण आहोत, गाडीत एक जागा रिकामी आहे.